शीव कुठे सरकली? हद्दवाढीचा माग काढून देणाऱ्या सरकारी सेवा, पारखून

किनाऱ्यालगतच्या तालुक्याच्या गावी जागेचा व्यवहार ठरतो, तेव्हा कागद तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. सातबाऱ्यावर ‘मौजे’ म्हणून गावाचं नाव, घरपट्टीच्या पावतीवर नगरपंचायतीचा शिक्का आणि घराच्या बांधकाम परवानगीवर सरपंचांची सही. तिन्ही कागद खरे असू शकतात, फक्त वेगवेगळ्या तारखांचे. ही गाठ सोडवायला सरकारच्या अर्धा डझन तरी सेवा आहेत. काही मोबाइलवर, काही खिडकीवर, एक प्रत्यक्ष जागेवर. इथे त्या सगळ्या एकाच कसोटीला लावल्या आहेत: शिवेवरचा एखादा सर्व्हे नंबर आज कोणाच्या हद्दीत आहे, तो तिकडे कुठल्या तारखेला गेला, आणि जाण्याआधी गावाची शीव नेमकी कुठून जात होती.

निकाल आधीच सांगून टाकू. एकटी कुठलीच सेवा पास होत नाही. राजपत्र तारीख सांगतं, पण जागा धड दाखवत नाही. भूनकाशा, म्हणजे गावनकाशे दाखवणारं सरकारी संकेतस्थळ, जागा दाखवतो, पण तारीख त्याच्या गावीही नसते. भूमी अभिलेख कार्यालयातल्या नकला सर्वांत जास्त सांगतात, मात्र काय मागायचं हे ठाऊक असलं तरच. एकच दिवस आणि मोजकेच पैसे हाताशी असतील, तर ते नकलांवर घाला.

चार हद्दी, आणि त्या एकच समजण्याची चूक

गावाला एक शीव असते हे देवाच्या पालखीपुरतं खरं आहे. सरकारदरबारी निदान चार आहेत. पहिली महसुली गावाची. ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ खाली अधिसूचनेने ठरते आणि अधिसूचनेनेच बदलते. दुसरी ग्रामपंचायतीची. एका पंचायतीत तीन महसुली गावं असू शकतात, किंवा एखाद्या गावाचा तुकडाच असू शकतो. तिसरी नगरपरिषदेची वा नगरपंचायतीची, १९६५ च्या कायद्याखालची. चौथी नियोजन प्राधिकरणाची. मार्च २०२४ मध्ये कोकण किनाऱ्यावरच्या १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमल्याची अधिसूचना निघाली, तेव्हा त्या गावांची महसुली शीव इंचभरही हलली नव्हती. तरीही ‘आमचं गाव सिडकोत गेलं’ अशीच चर्चा झाली.

हद्दवाढीत बहुधा दुसरी आणि तिसरी हद्द हलते, पहिली जागेवर राहते. म्हणून सातबारा बघून हद्दवाढ कळत नाही. २०१४ मध्ये तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचं धोरण आलं. त्यानंतर कोकणात ज्या नगरपंचायती झाल्या, त्यांच्या जोडनावांतच ही गोष्ट दिसते: देवगड-जामसंडे, वाभवे-वैभववाडी, कसई-दोडामार्ग. कारभार एक झाला, पण जामसंड्याच्या सातबाऱ्यावर आजही मौजे जामसंडेच येतं.

भूसंपादन ही आणखी निराळी बाब, आणि सर्वांत जास्त गोंधळ तिच्यामुळेच होतो. महामार्गासाठी, कोकण रेल्वेसाठी किंवा औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन गेली म्हणजे तिचा धारक बदलला. ती जमीन गावाच्या शिवेतच राहिली. गावाचं लागवडीचं क्षेत्र कमी झालं, गाव लहान झालं नाही. ‘समावेशन’ आणि ‘संपादन’ हे दोन शब्द अर्जात एकमेकांच्या जागी पडले, की खिडकीवरून भलताच कागद हाती येतो. संपादनासाठी कमी-जास्त पत्रक (नंबराच्या क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) मागायचं, समावेशनासाठी अधिसूचना आणि तिच्यासोबतचा हद्दनकाशा.

महाभूनकाशा: दिसायला देखणा, या कामाला अपुरा (५ पैकी २)

वापर सोपा आहे. ग्रामीण की शहरी ते निवडा, मग जिल्हा, तालुका, गाव, आणि शोधखिडकीत सर्व्हे किंवा गट नंबर टाका. नंबर नकाशावर उजळतो आणि त्याचा अहवाल उतरवून घेता येतो. पहिला अडथळा पहिल्याच पायरीवर येतो. हद्दवाढीत गेलेलं गाव ‘ग्रामीण’ यादीत सापडलं नाही तर ते नाहीसं झालं असं समजू नका, ‘शहरी’मध्ये शोधा. दोन्हीकडे सापडलं तर दोन्ही नकाशे उतरवून घ्या आणि सीमेवरचे नंबर जुळवून बघा.

खरी अडचण नकाशाच्या वयात आहे. पडद्यावरची रेघ आजची वाटते, पण ती जुन्या कागदी गावनकाशावरून उतरवलेली असते. या गावनकाशांचं जुनं प्रमाण बहुधा १ इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, म्हणजे १:७,९२०. मूळ नकाशावर दौतीच्या टाकाने ओढलेली शिवेची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर ती रेघच जमिनीवर जवळपास ४ मीटर रुंद होते. चार मीटरांत एक पाणंद बसते आणि वर दोन कलमं लावता येतात. त्यात कागद आकसतो. २४ इंची नकाशा एक टक्का जरी आकसला, तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १५८ फुटांची तूट येते. उतरवताना ती काही अंशी दुरुस्त करता येते, पण प्रत्येक गावाचा नकाशा स्वतंत्रपणे उतरवलेला असल्यामुळे लागून असलेली दोन गावं शेजारी ठेवली की शिवेवर कुठे फट पडते, कुठे रेघा एकमेकींवर चढतात. ती फट म्हणजे कुणाची मोकळी जमीन नाही, आणि चढलेली रेघ म्हणजे शेजारच्या गावाचं अतिक्रमण नाही. या दोन गैरसमजांवरून गावकीत भांडणं होतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कोकणात याहून मोठी उणीव हिश्श्यांची. इथल्या जमिनीचे तुकडे इतके, की ‘स. नं. ४५, हि. नं. ३अ/२ब’ ही साधी गोष्ट. नकाशावर मात्र बऱ्याचदा सर्व्हे नंबरचीच बाह्यरेषा असते, हिस्से नसतात. अधिसूचनेत ‘स. नं. ४५ पैकी’ असं लिहिलेलं असेल, तर भूनकाशा त्या ‘पैकी’बद्दल अवाक्षर काढत नाही.

मग दोन गुण कशाचे? शिवेला लागून कोणते नंबर आहेत याची यादी करायला यासारखं दुसरं साधन नाही. घरबसल्या, फुकट, दहा मिनिटांत. तेवढ्यासाठी वापरा आणि ती यादी घेऊन पुढच्या खिडकीवर जा.

भूमी अभिलेखाच्या नकला: कंटाळवाण्या आणि अव्वल (५ पैकी साडेचार)

तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात नकलेचा अर्ज करायचा. अर्जात ‘गावाच्या हद्दीची माहिती मिळावी’ असं लिहिलंत तर कोऱ्या चेहऱ्याने परत यावं लागतं. नकला अभिलेखाच्या नावाने मिळतात. म्हणून नावं घालूनच मागा:

तुमच्या गावाचा आणि शेजारच्या गावाचा गावनकाशा. दोन्ही गावांच्या आकारबंदाचा, म्हणजे नंबरवार क्षेत्राच्या नोंदवहीचा, गोषवारा. शिवेवरच्या नंबरांची टिपणं आणि गुणाकार बुकातली (क्षेत्राच्या हिशेबाच्या वहीतली) पानं. त्या नंबरांचे हिस्से दाखवणारे फाळणी नकाशे किंवा हिस्सा फॉर्म ४. आणि अधिसूचनेच्या आगेमागे झालेली कमी-जास्त पत्रकं, ज्यांना कार्यालयात ‘कजाप’ म्हणतात.

यांतलं सर्वांत मोलाचं टिपण. मूळ मोजणीच्या वेळी जागेवर बसून काढलेलं ते हातचं रेखाटन. ते प्रमाणात नसतं, म्हणून नवखा माणूस ते बाजूला सारून देखणा गावनकाशा उचलतो. करायला हवं नेमकं उलट. टिपणात आकार वेडावाकडा असेल, पण त्यावरचे आकडे हे साखळीने मोजलेले असतात, आणि आकसलेल्या कागदावर आकडा आकसत नाही. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा २.०६ फुटांचा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. टिपणावर शिवेची एक बाजू ‘७ सा. ४ आ.’ लिहिली असेल, तर ती २३९.२५ फूट, म्हणजे ७२.९२ मीटर.

शिवेवरच्या टिपणांचा एक गुण फारसा कुणी वापरत नाही. शिवेची तीच रेघ दोन गावांच्या मोजणीत दोनदा येते, एकदा या बाजूच्या नंबरांतून, एकदा त्या बाजूच्या. दोन्हीकडची टिपणं काढून सामाईक बाजूच्या साखळ्यांची बेरीज करा. बेरजा चार-दोन आण्यांच्या फरकाने जुळल्या, तर शीव पक्की. एक-दोन साखळ्यांचा फरक आला, तर मधे वहाळ, पऱ्या किंवा पाणंद एका गावाने मोजलेली आणि दुसऱ्याने सोडलेली असते. त्याहून मोठा फरक असेल, तर त्या जागी शिवेचा वाद जुना आहे असं धरून चाला आणि जुना निवाडा शोधा. गावांच्या हद्दी ठरवणं आणि त्यांवरचे वाद मिटवणं हे संहितेच्या कलम १३३ प्रमाणे भूमापन अधिकाऱ्याचं काम आहे. तसा निवाडा झाला असेल तर त्याची नोंद कागदावर असणारच.

दुसरी तपासणी बेरजेची. आकारबंदाच्या गोषवाऱ्यात गावाचं एकूण क्षेत्र असतं: आकारी (सारा बसलेली जमीन), पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी भाग), गावठाण, रस्ते, नदी-नाले सगळं धरून. अधिसूचनेआधीचं एकूण क्षेत्र, नंतरचं एकूण क्षेत्र, आणि अधिसूचनेच्या परिशिष्टातल्या नंबरांच्या क्षेत्रांची बेरीज, हे तीन आकडे एका ओळीत लिहा. पहिल्या दोघांत काहीच फरक नसेल, तर महसुली शीव हललेली नाही, फक्त कारभाराची हद्द हलली आहे. बहुतेक वेळा हेच निघतं. फरक आहे पण तिसऱ्या आकड्याशी जुळत नाही, तर आधी एकक तपासा. जुने कागद एकर-गुंठ्यांत, नवे हेक्टर-आरमध्ये. एक गुंठा १.०१ आरचा, त्यामुळे लहान तुकड्यात चूक लपते आणि गावाच्या बेरजेत उघडी पडते. ओळखायची खूण अशी: ४० गुंठ्यांचा एकर होत असल्यामुळे गुंठ्यांच्या रकान्यात ३९ च्या वरचा आकडा येत नाही. मधल्या रकान्यात ४० ते ९९ मधलं काही दिसलं, तर तो कागद नक्की आरमध्ये आहे. ३९ च्या आतला आकडा मात्र दोन्ही असू शकतो. तिथे कागदाचं साल बघा.

अर्धा गुण कापला तो दोन कारणांसाठी. जुने कागद मोडीत असू शकतात आणि वाचणारा माणूस वेगळा शोधावा लागतो. दुसरं, तालुके आणि जिल्हे फुटले तसं दप्तर विखुरलं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधीचं सगळं रत्नागिरीच्या नावाने शोधायचं. १९८१ पूर्वी रायगड म्हणजे कुलाबा. पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्यात. दोडामार्गाचे जुने कागद सावंतवाडी तालुक्याच्या नावाने. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली, तिथल्या गावांचं त्याआधीचं दप्तर संस्थानी. अर्जावर आजचा तालुका लिहून ‘अभिलेख आढळत नाही’ असा शेरा घेऊन परतलेल्यांनी जुन्या तालुक्याच्या नावाने पुन्हा अर्ज करून बघावा.

‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुन्या अभिलेखांच्या स्कॅन प्रती ठेवलेल्या आहेत. तुमच्या तालुक्याचा तो विशिष्ट अभिलेख तिथे असेल तर एक खेप वाचते. सगळे तालुके आणि सगळे प्रकार तिथे नाहीत, तेव्हा आधी घरून बघा, मग गाडी काढा.

राजपत्र: तारखेचा एकमेव मालक (५ पैकी साडेतीन)

कुठल्या दिवसापासून हद्द बदलली, याला राजपत्राखेरीज दुसरा पुरावा नाही. वर्तमानपत्राचं कात्रण नाही, ठराव नाही, आमदारांचं पत्र तर नाहीच. जिल्ह्यांच्या स्थानिक सूचना बऱ्याचदा भाग एकच्या कोकण विभागीय पुरवणीत असतात, नगरविकास विभागाच्या अधिसूचना असाधारण अंकातही. संकेतस्थळावर गावाच्या नावाने शोध फसतो, कारण जुने अंक चित्ररूपात आहेत आणि त्यातली अक्षरं शोधयंत्राला वाचता येत नाहीत. साल आणि विभागाने गाळून एकेक अंक उघडावा लागतो.

वाचताना पहिली गोष्ट: प्रारूप की अंतिम? हद्द बदलायची तर आधी उद्घोषणा निघते, हरकतींसाठी निदान ३० दिवसांची मुदत दिली जाते, हरकती जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, मग अंतिम अधिसूचना. प्रारूप हातात घेऊन ‘गाव नगरपरिषदेत गेलं’ म्हणणारे पुष्कळ. प्रारूपानंतर काही गावं वगळली जातात, काही प्रस्ताव तिथेच विरतात. अंतिम निघाल्यावरही गोष्ट संपतेच असं नाही. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला स्थापन झाली, आणि तिच्यातल्या २९ गावांचा वाद पुढची कितीतरी वर्षं शासन आणि न्यायालय यांच्यात फिरत राहिला. तेव्हा अंतिम अधिसूचनेनंतरची शुद्धिपत्रकं आणि वगळण्याच्या अधिसूचनाही शोधा. एक अंक सापडला म्हणून थांबू नका.

दुसरी गोष्ट परिशिष्ट. त्यात नंबरांची यादी असते, किंवा चतु:सीमा: ‘उत्तरेस मौजे अमुकची शीव, पूर्वेस स. नं. ६२ ची पश्चिम हद्द’. यादी असेल तर काम सोपं. चतु:सीमा असेल तर प्रत्येक वाक्य गावनकाशावर पेन्सिलने ओढून बघा आणि सुरुवातीच्या बिंदूवर परत येता का ते पाहा. रेघ मिटली नाही, तर एखादा नंबर वगळला गेला आहे किंवा दिशा चुकली आहे. ‘पैकी’ दिसलं की अधिसूचनेसोबतचा नकाशा लागतो, आणि तो राजपत्रात छापलेला असतोच असं नाही. तो जिल्हाधिकारी कार्यालयातून माहितीच्या अधिकारात मागा: १० रुपये शुल्क, प्रतींचे पैसे वेगळे, ३० दिवसांची मुदत. नंबर अधिसूचनेच्या तारखेचे आहेत हेही ध्यानात ठेवा. त्यानंतर पडलेले हिस्से तिच्यात नसणार. आजच्या हिश्श्यापासून जुन्या नंबरापर्यंत फेरफारांच्या साखळीनेच मागे जावं लागतं.

हद्द कायम मोजणी: बरोबर कामाला लावली तरच

ई-मोजणीवरून अर्ज करता येतो. डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे दोनच प्रकार उरले: नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमितला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये. महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत १ हेक्टरपर्यंत ३,००० आणि १२,००० रुपये. म्हणजे आपला नंबर कोणाच्या हद्दीत हा प्रश्न अर्ज भरतानाच पैशांनिशी समोर येतो. ज्याचं उत्तर मिळवायला मोजणी मागवायची, तेच उत्तर अर्जात आधी भरायचं! म्हणून मोजणी ही शेवटची पायरी ठेवा, पहिली नको.

आणि ती गावाची शीव ठरवत नाही. हद्द कायम मोजणी ही धारकाच्या नंबराची असते. तुमचा नंबर शिवेवर असेल तर त्याची एक बाजू म्हणजे शीव, तेवढाच तिचा संबंध. पूर्ण शिवेचा वाद असेल तर तो कलम १३३ च्या वाटेनेच जायला हवा. एकट्या धारकाच्या पैशांत गावाची शीव मोजून घ्यायचा प्रयत्न फसतो.

मोजणीनंतर हाती येते ती ‘क’ प्रत. तिच्यात अभिलेखाप्रमाणे हद्द आणि वहिवाटीची हद्द निराळ्या रेघांनी दाखवलेली असते. दोन रेघांत अंतर असेल, तर आधी सूचीतला खुलासा वाचा, मग घाबरा. लगतच्या धारकांची नावं आणि पत्ते अर्जात बिनचूक द्या. शिवेवरच्या नंबराचे लगतधारक शेजारच्या गावच्या सातबाऱ्यावर असतात, आणि ते राहून जातात. नोटीस न पोचलेला एक मुंबईकर भाऊबंद पुढे सगळी मोजणी अडवू शकतो.

आता मोजणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहांच्या संकेतावरून जागा टिपणाऱ्या यंत्राने, होते. सर्व्हे ऑफ इंडियाने राज्यात उभारलेल्या ७७ कॉर्स केंद्रांकडून (कायम चालू संदर्भकेंद्रांकडून) दुरुस्ती घेऊन तो उघड्यावर काही सेंटिमीटरांपर्यंत बिंदू देतो. ‘उघड्यावर’ हा शब्द कोकणात महत्त्वाचा. दाट आंबराईत, माडांच्या बनात, घळीतल्या वहाळात उपग्रहांचा संकेत तुटतो आणि रोव्हर स्थिर होत नाही. तिथे दोन बिंदू कातळावर उघड्यात घेऊन टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) आत जावं लागतं. मोजणीवाल्याला कलमांच्या छताखाली दोन मिनिटं यंत्र धरून बिंदू घेताना पाहिलंत, तर नम्रपणे विचारा. भाताचं पीक उभं असताना आणि झाडोरा माजलेला असताना शिवेचे दगड सापडत नाहीत, म्हणून दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंतचा काळ धरा. त्याआधी गडग्यांच्या कडेने एक फेरी मारून तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड शोधून ठेवा. रस्ता रुंदावताना आणि चिऱ्याच्या खाणीत सर्वांत आधी जातात ते हेच दगड.

किरकोळ, पण विसरू नयेत

ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही, ही या शोधातली सर्वांत कमी वापरलेली वस्तू. वाडी नगरपंचायतीत गेली की ज्या वर्षी त्या घरांची आकारणी इथे थांबते आणि तिकडे सुरू होते, ते साल मिळतं. मग राजपत्र चाळताना पन्नास अंकांऐवजी पाच उघडावे लागतात. वार्षिक बाजारमूल्य दर तक्ताही (रेडी रेकनर) तसाच: गाव ग्रामीणमधून प्रभाव क्षेत्रात वा नागरी भागात कुठल्या वर्षी गेलं ते सालवार बघता येतं. पुरावा नव्हे, माग.

डिजिटल सातबारा १५ रुपयांना मिळतो. आता त्यावर गावाचा संकेतांकही असतो. तो केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी या संकेतस्थळावर टाकला की आज ते गाव कुठल्या स्थानिक संस्थेखाली नोंदलेलं आहे, पूर्ण की अंशत:, हे दिसतं. आजचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं, कालचं नाही. जिल्हा जनगणना पुस्तिकांत दर दहा वर्षांचं गावाचं क्षेत्र मिळतं. आगामी जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ च्या हद्दी गोठवायचं ठरल्यामुळे त्यानंतरचा बदल पुढच्या पुस्तिकेत सापडणार नाही.

स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका या कामाला जवळपास निरुपयोगी. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेली ही योजना ड्रोनने गावठाण मोजते. कोकणात घरं वाड्यावाड्यांत, कलमांत आणि मळ्यात विखुरलेली, आणि कित्येक गावांना गावठाणच नाही. जिथे पत्रिका मिळते तिथे ती घराची हद्द सांगते, गावाची नाही.

खाडीकडची आणि समुद्राकडची बाजू मात्र सगळ्याच सेवांत कच्ची. पुळण सरकते, खाजणाला बांध घातला की जमीन वर येते, बांध फुटला की पुन्हा पाण्याखाली जाते. गावनकाशावरची किनाऱ्याची रेघ त्या मोजणीच्या दिवसाची असते. सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नकाशा वेगळ्या भरतीरेषेवर बेतलेला असतो, त्यामुळे तो गावनकाशावर ठेवला की दोन्ही जुळत नाहीत आणि जुळायचंही कारण नाही. गाव नगरपंचायतीत गेलं म्हणजे आपोआप सीआरझेड-२ (शहरी किनाऱ्याचा वर्ग) लागून किनाऱ्याला बांधकाम सोपं होतं, हा दलालांचा आवडता दावा. २०१९ च्या अधिसूचनेत त्या वर्गासाठी क्षेत्र शहरी हद्दीत असण्याबरोबर दाट बांधलेलंही असावं लागतं, आणि मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशात ते तसं दाखवलेलं असावं लागतं. हद्दवाढीची अधिसूचना तो नकाशा बदलत नाही.

पैसे न घालण्यासारखी एकच गोष्ट, आणि ती सरकारी नाही: उपग्रहाच्या चित्रावर गावनकाशा चिकटवून, सर्व्हे नंबर रंगवून, लॅमिनेट करून विकला जाणारा ‘हद्दीचा नकाशा’. त्यावर ना अधिसूचनेची तारीख असते, ना साखळी-आणे, ना कुणाची सही. विकणाऱ्याला एकच विचारा: शिवेवरच्या नंबरांची शेजारच्या गावाकडची टिपणं बघितली होती का?